ताओ देवळात मावत नाही म्हणे!

गेल्या महिन्यात मामा-मामी सिंगापूरला लेकीकडे राहून आले. आल्यावर रविवारी सगळे जमलो, मामींनी आणलेला खाऊ वाटला गेला आणि मग अर्थातच फोटो. शे-दीडशे फोटोंमध्ये एक देऊळ होतं. तेलोक आयर रस्त्यावरचं थियान हॉक केंग. लाल खांब, छपरावर वळवळणारे ड्रॅगन, उदबत्त्यांचा धूर, पुढ्यात संत्र्यांचे ढीग आणि हात जोडून उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बायका. फोटो दाखवता दाखवता मामा थांबले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हे बघ तुझं ताओइझम! लाओत्सेनं हे बघितलं असतं तर बिचारा पुन्हा म्हशीवर बसून पळून गेला असता."

सगळे हसले. मीसुद्धा हसलो. पण घरी येताना ते हसणं टोचत राहिलं. कारण काही वर्षांपूर्वी मी स्वतः हेच लिहिलं होतं. "खरा ताओ पुस्तकात आहे, देवळात आहे तो त्याचा सांगाडा" अशा अर्थाचं काहीतरी मोठ्या दिमाखात. वाचणाऱ्यांनी 'छान लिहिलंय' म्हणून पाठ थोपटली आणि मीही फुशारलो. आज ते वाक्य मागे घ्यायचं आहे. आणि ते मामांच्या तोंडून ऐकलं म्हणून भांडण मामांशी. (मामा, राग मानू नका. तुम्हीच म्हणता की भाचा भांडखोर असावा.)

आधी मामांची बाजू नीट मांडतो. ते वाचणारे गृहस्थ आहेत. १९७५ साली ओशो पुण्यात 'ताओ ते चिंग'वर बोलले, त्या प्रवचनांची पुस्तकं त्यांच्या कपाटात आहेत. उशाशी एक इंग्रजी भाषांतरही असतं. त्यांचं म्हणणं असं: लाओत्से आणि च्वांगत्से हे दोन थोर विचारवंत. त्यांचा देव नाही, पूजा नाही, पुजारी नाही. ताओ म्हणजे विश्वाची मुळातली वाट, जिला नाव देता येत नाही. 'वू वेइ' म्हणजे ओढूनताणून काही न करणं. पुढे अडाणी लोकांनी आणि लबाड पुजाऱ्यांनी त्यात देव घुसवले, ताईत-गंडे आणले, अमर होण्याची औषधं आणली. म्हणजे मूळ तत्त्वज्ञान एक आणि नंतरचा धर्म दुसरा, पहिलं सोनं आणि दुसरा गाळ.

हे इतकं पटण्यासारखं आहे की पुरावा विचारायचं कुणाला सुचत नाही. मलाही सुचलं नव्हतं.

तर पुरावा बघू. १९७३ साली चीनमधल्या चांगशा शहराजवळ मावांगदुई इथे एक थडगं उघडलं. इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद केलेलं. त्यात रेशमावर लिहिलेल्या लाओत्सेच्या ग्रंथाच्या दोन प्रती निघाल्या. तोवर हाती असलेल्या कुठल्याही प्रतीपेक्षा जुन्या. (पुढे १९९३ मध्ये गुओदिआनला बांबूच्या पट्ट्यांवरचा त्याहून जुना मजकूर सापडला.) आता मामांच्या हिशेबाप्रमाणे त्या थडग्यात शुद्ध तत्त्वज्ञान हवं. पण त्याच थडग्यात आणखी काय होतं? चौवेचाळीस माणसांचं एक रंगीत चित्र, हात-पाय ताणून, वाकून, श्वासाचे व्यायाम करणाऱ्या बायका-पुरुषांचं. आणि एक वैद्यकाचं हस्तलिखित, ज्यात औषधांच्या बरोबरीनं मंत्र आहेत! ज्यानं लाओत्से जवळ ठेवला त्यानंच श्वासाचे व्यायाम आणि मंत्रही जवळ ठेवले. त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं की यातलं एक सोनं आहे आणि बाकीचा गाळ.

बरं, ग्रंथांमध्येच बघा. 'ताओ ते चिंग' म्हणजे ८१ छोटी प्रकरणं, साधारण पाच हजार चिनी अक्षरं. त्यात श्वास एकवटून तान्ह्या बाळासारखं मऊ होण्याची गोष्ट आहे. भुताखेतांचा उल्लेख आहे. ती नाहीत असं लाओत्से म्हणत नाही, राज्य ताओनं चाललं तर ती त्रास देत नाहीत असं म्हणतो. च्वांगत्सेच्या पुस्तकात धान्य न खाता वारा आणि दव पिऊन राहणारा, ढगांवर स्वार होणारा डोंगरावरचा सिद्धपुरुष येतो. ताओ मिळालेल्यांच्या यादीत पीत सम्राट आणि पश्चिमेची राणीमाता येतात. ही राणीमाता आजही देवळात पुजली जाते. आता च्वांगत्से थट्टेखोर माणूस. नुसतं दीर्घायुष्य मिळावं म्हणून पक्ष्यांसारखे हात-पाय ताणणाऱ्यांची त्याच्या पुस्तकात टिंगलही आहे. म्हणून त्याला कुठल्याही पंथाचा पुजारी करायचा माझा विचार नाही. पण देव-सिद्ध-श्वास यांना हातही न लावणारा निखळ तत्त्ववेत्ता तो नक्कीच नव्हता. ती पानं आपण उलटतो, एवढंच.

आणि 'ताओवादी' हे लेबलसुद्धा त्या दोघांनी स्वतःला लावलेलं नाही. हान काळातल्या इतिहासकारांनी जुन्या विचारांची कप्प्यांत विभागणी केली तेव्हा ते नाव आलं. लाओत्सेबद्दल तर त्याचं पहिलं चरित्र लिहिणाऱ्या सिमा छियेनलाच, इसवी सनापूर्वी १०० च्या सुमाराला, हा नेमका कोण याची खात्री नव्हती. ज्याच्या असण्याबद्दल त्याच्या चरित्रकाराला खात्री नाही, तो देऊळ बघून पळाला असता याची खात्री मामांना आहे.

आता त्या 'अडाणी लोकां'कडे येतो. परंपरा सांगते की इसवी सन १४२ मध्ये सिचुआनच्या डोंगरात झांग दाओलिंग नावाच्या माणसाला लाओत्सेनं दर्शन दिलं. माणूस म्हणून नाही, देव म्हणून. त्यातून 'स्वर्गीय गुरूं'चा पंथ उभा राहिला. सभासदांनी पाच माप तांदूळ द्यायचे, म्हणून बाहेरचे त्याला 'पाच माप तांदळाचा पंथ' म्हणत. हाच तो पुजाऱ्यांचा संघटित धर्म, ज्यानं म्हणे सगळं बिघडवलं.

त्यानं काय केलं ते ऐका. झांग दाओलिंगचा नातू झांग लू यानं हानझोंग खोऱ्यात जवळजवळ स्वतंत्र राज्य चालवलं, २१५ मध्ये त्साओ त्साओला शरण जाईपर्यंत. तिथे रस्त्यांवर धर्मशाळा होत्या, वाटसरूसाठी तांदूळ आणि मांस ठेवलेलं असे, आणि भुकेपुरतंच घ्यायचं असा नियम होता. गुन्हेगाराला तीनदा माफी, मग शिक्षा. बारीकसारीक चुकीला शिक्षा काय, तर शंभर पावलं रस्ता दुरुस्त करून द्यायचा. माणूस आजारी पडला तर एकांतात बसून आपल्या चुका आठवायच्या, कबुली लिहायची आणि तिच्या तीन प्रती करायच्या. एक स्वर्गासाठी डोंगरावर, एक पृथ्वीसाठी जमिनीत, एक जलासाठी पाण्यात. आणि या लोकांचा पाठाचा ग्रंथ कुठला? लाओत्सेचाच! त्या पंथातलं लाओत्सेवरचं भाष्य दुनहुआंगच्या गुहेत सापडलं, ते झांग लूच्या नावावर सांगितलं जातं. म्हणजे मामा ज्या पुस्तकाला देवळापासून वाचवू बघतायत, ते पुस्तक सामान्य माणसाच्या तोंडात या देवळवाल्यांनी घातलं.

आणखी एक. पुढे पाचव्या शतकात याच पंथातल्या लोकांनी आपला नियम लिहून ठेवला, त्याचा मथितार्थ असा की देव खातपीत नाहीत आणि गुरू पैसे घेत नाहीत. गावोगाव रक्ताचे बळी चालत, त्याविरुद्ध हा धर्म उभा राहिला होता. कर्मकांडाविरुद्ध बोलायचा मक्ता फक्त तत्त्वज्ञांकडे असतो ही आपली आणखी एक समजूत.

देव किती आणि कसे, हेही मामांना खटकतं. "हजारो देव, त्यांची नावं त्यांनाही ठाऊक नसतील!" आहेतच हजारो. पण रचना गोंधळाची नाही. सगळ्यात वर तीन शुद्ध. त्यातले तिसरे म्हणजे खुद्द लाओत्से, देवरूपातले. हे तिघे ताओचीच रूपं मानतात. त्याखाली जेड सम्राट, स्वर्गाचा कारभारी राजा. त्याच्या हाताखाली शहराचा नगरदेव, गल्लीबोळाचा आणि शेताचा भूमिदेव, आणि थेट घरातला चुलीचा देव. हा चुलीचा देव वर्षाच्या अखेरीला वर जाऊन घरातल्यांचा अहवाल देतो, म्हणून निघण्याआधी त्याच्या तोंडाला गोडधोड लावतात! हा अख्खा स्वर्ग म्हणजे चिनी सरकारी कचेरीची प्रतिकृती आहे. अर्ज, शिक्के, बढती सगळं. ज्यांना खऱ्या कचेरीत कुणी उभं करत नव्हतं, त्यांनी निदान वरच्या कचेरीत आपला अर्ज घेतला जाईल अशी सोय केली. याला मी अडाणीपणा म्हणणार नाही.

आणि मामांच्या फोटोतलं देऊळ? ते मात्सूचं. परंपरेनुसार ती ९६० साली फुजिआनजवळच्या मेइझोऊ बेटावर जन्मलेली कोळ्यांच्या गावातली पोर. वादळात सापडलेल्या बापा-भावांना तिनं ध्यानात बसून वाचवलं, अशी कथा. दक्षिण चिनी किनाऱ्यावरून जहाजात कोंबून मजूर आणि व्यापारी सिंगापूरला आले, ते जमिनीवर पाय ठेवल्यावर आधी तिचे आभार मानत. आज आत गेलेली तेलोक आयरची ती जागा तेव्हा समुद्रकिनारा होती. पक्कं देऊळ १८३९ ते १८४२ मध्ये बांधलं. २००९ मध्ये युनेस्कोनं मात्सूची उपासना मानवजातीच्या वारशात नोंदवली. नोंदवली नसती तरी बिघडत नव्हतं. भर समुद्रात ज्याचा जीव गळ्याशी आला, त्याला 'नामरूपापलीकडची वाट' सांगून बघा.

"पण विधी? तो धूर, ती घंटा, ते हातवारे?" हा पुढचा प्रश्न. क्रिस्तोफर स्किपर नावाचे डच अभ्यासक तैवानला गेले, ताइनानमधल्या पुजाऱ्यांकडे शिकले आणि १९६८ मध्ये स्वतः दीक्षा घेऊन पुजारी झाले. त्यांच्यामुळे बाहेरच्या जगाला कळलं की त्या धुरात चाललंय काय. मोठ्या 'जियाओ' विधीत पुजारी बाहेर अर्ज वाचतो, पावलं टाकतो; पण त्याच वेळी तो आपल्या शरीरात देव बघत असतो. शरीर हेच डोंगर, नद्या, महाल आणि अधिकारी असलेलं राज्य. अंतर्गत किमयेचे साधक बसून जे करतात, ते पुजारी चालत-बोलत करतो. विधी आणि ध्यान असे वेगळे कप्पे तिथे नाहीत. पंथही दोन प्रकारचे: छ्वानझनचे साधू मठात ब्रह्मचर्यानं राहतात, झंगयीचे पुजारी संसारी असतात, शेजारच्या घरात राहतात, मुलाला विद्या शिकवतात. दोघांच्याही हाती लाओत्से आहेच.

मग हा सोनं-गाळ हिशेब आला कुठून? माझं मत सांगतो. थोडा चिनी पंडितांकडून, ज्यांना गावचे पुजारी नेहमीच खालचे वाटत. आणि बराचसा एकोणिसाव्या शतकातल्या मिशनऱ्यांकडून. जेम्स लेग हे स्कॉटिश मिशनरी, पुढे ऑक्सफर्डचे चिनीचे प्राध्यापक. १८९१ साली त्यांची ताओ ग्रंथांची भाषांतरं आली. कष्टाचं, मोठं काम, प्रश्नच नाही. पण डोक्यात साचा प्रॉटेस्टंट: आधी शुद्ध ग्रंथ, मग भटांनी केलेला बिघाड. तो साचा चीनवर बसवला. आणि ताओ धर्माचा स्वतःचा ग्रंथसंग्रह? १४४५ मध्ये छापलेला, सुमारे दीड हजार ग्रंथांचा! तो मोजक्या मठांत पडून होता. १९२३ ते १९२६ मध्ये शांघायला त्याचं पुनर्मुद्रण झालं तेव्हा कुठे अभ्यासकांच्या हाती लागला. म्हणजे दीड हजारांतले एक-दोन ग्रंथ वाचून उरलेल्यांना गाळ ठरवलं गेलं. आणि आपण तो निकाल इंग्रजीतून आयता घेतला.

खरं तर ही खोड त्याहून जुनी, आणि तिचा आपल्याशी संबंध आहे. ह्युएनत्संग आपल्याला शाळेपासून माहीत. ६४१ च्या सुमाराला पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेलेला, इथल्या मानी लोकांचं वर्णन करणारा. चीनला परतल्यावर ६४७ मध्ये सम्राटानं त्याला लाओत्सेचा ग्रंथ संस्कृतात करायला सांगितलं, कारण कामरूपच्या राजाला तो हवा होता. बौद्धांनीच लिहून ठेवलेली हकिगत अशी की ताओ पंडितांशी त्याचा 'ताओ' या एका शब्दावरून वाद झाला. ते म्हणत 'बोधी' लिहा, हा म्हणे 'मार्ग'. (मार्गच बरोबर असं मलाही वाटतं.) पण पुढचं महत्त्वाचं. ताओ पंडितांनी ग्रंथाची प्रस्तावनाही भाषांतरित करा म्हटलं, तेव्हा त्यानं नकार दिला. का? तर त्यात दात वाजवण्याच्या, लाळ गिळण्याच्या साधना होत्या. भारतातल्या लोकांसमोर हे गावंढळ काय न्यायचं! बघा, मामा. पावणेचौदाशे वर्षांपूर्वी तुमचंच वाक्य. पुस्तक ठेवा, साधना टाका, पाहुण्यांसमोर लाज नको.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो. अमरत्वाच्या औषधांत पारा आणि शिसं होतं आणि त्यानं माणसं मेली, तांग घराण्यातले काही सम्राटसुद्धा. भोंदू पुजारी होते आणि आहेत. ताईत विकून पोट भरणारा सगळीकडे सापडतो. याचं समर्थन मी करत नाही. पण त्याच किमयागारांच्या खटपटीतून नवव्या शतकाच्या आसपास बंदुकीची दारू निघाली. चौथ्या शतकातला गे हाँग, जो अमरत्वाची औषधं शोधत होता, त्याच्याच घरगुती औषधांच्या पुस्तकात तापावर एक वनस्पती पाण्यात भिजवून तिचा रस पिळून घ्या असं लिहिलं होतं. तू योयो यांना मलेरियाचं औषध काढताना त्या ओळीनं वाट दाखवली, आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एकाच माणसाच्या एकाच हातानं विषही लिहिलं आणि औषधही. चाळणी मारायचीच तर जरा बघून मारा.

कुणी म्हणेल, एवढं कशाला तापायचं? मामांनी एक विनोद केला, सोडून दे. सोडलं असतं. पण हा विनोद चीनमध्ये सरकारी हुकूम झाला होता. १८९८ पासून देवळांच्या शाळा करा असा जोर सुरू झाला. (शाळा वाईट नाहीतच. पण गावाला विचारलं कुणी?) १९२८ मध्ये सरकारनं कुठले देव ठेवायचे आणि कुठले मोडायचे याचे निकष काढले. कन्फ्यूशियससारखे थोर पुरुष राहू द्या, नगरदेव आणि भूमिदेव मोडा. म्हणजे ज्यांचं पुस्तक आहे ते राहतील, ज्यांची फक्त म्हातारी भक्तीण आहे ते जातील! आणि १९६६ पासून सांस्कृतिक क्रांतीत तर सगळंच फोडलं, पुस्तकवाल्यांसकट. 'खरा धर्म यात नाहीच' हे आधी विद्वानांनी म्हणून ठेवलेलं असलं की हातोडा उचलणाऱ्याचं काम सोपं होतं. आपल्या तोंडून तसं वाक्य निघतं तेव्हा निदान एवढं आठवावं.

घरातलंही सांगतो. आपल्याकडे हीच वाटणी चालते. उपनिषदं म्हणजे खरा धर्म आणि आजीचा बोडणाचा कार्यक्रम म्हणजे भाबडेपणा. आजी गेल्यावर आपण हळवे होऊन तिच्या देव्हाऱ्यावर लेख लिहितो, पण ती असताना तिला "यात काही अर्थ नाही गं" असंच सांगतो. मी सांगितलंय. ती काही बोलली नाही, फुलं निवडत राहिली.

असो. त्या रविवारी सगळे हसत असताना मामी मात्र फोटोकडेच बघत होत्या. नंतर चहा ओतताना मला म्हणाल्या, "अरे, तिथे माझ्या शेजारी एक बाई उभी होती, माझ्याच वयाची. दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकत होती, परत उचलत होती, परत टाकत होती. काय करत होती रे ती?"

मी सांगितलं, ती देवीला प्रश्न विचारत होती. अर्धचंद्रासारखे दोन तुकडे, एक उताणा आणि एक पालथा पडला की देवी 'हो' म्हणाली. तसं पडत नसेल तर लोक पुन्हा नीट विचारतात.

"किती वेळ टाकत होती," मामी म्हणाल्या. "मुलाचं काही असेल का?"

मामांच्या आणि माझ्या एवढ्या वाचनात हा प्रश्न आम्हा दोघांनाही सुचला नव्हता.